एका हाकेला ओ द्यायची नाही

धुक्यामुळे आमची बोट बंदराला चाळीस मिनिटं उशिरा लागली. टेरस्खेलिंग या डच बेटावरचा उंच दीपस्तंभ फार लांबून दिसतो असं माहितीपत्रकात लिहिलं होतं, म्हणून प्रवासी डेकवर कॅमेरे घेऊन उभे होते. दीपस्तंभ दिसला नाही. बंदरही दिसलं नाही. आधी एक ओला, काळा लाकडी खांब दिसला, मग त्यावर बसलेला पक्षी, आणि मग एकदम धक्क्यावर दोर झेलायला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा.

“धुकं बघायला आणलंत होय, अंबरीशराव?” आई म्हणाली. “ते आमच्याकडे घरबसल्या मिळायचं.”

“ऑल इन्क्लुझिव्ह आहे आई, धुकं धरून,” अंबरीश म्हणाला. “शिवाय नाश्ता.”

“नाश्ता म्हणजे तो गार पाव आणि गार चीज. त्यापेक्षा धुकं बरं.”

तो हसला. जावयाची थट्टा करणं आईला वडील गेल्यावर सुचायला लागलं होतं. ती पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे नीउ-व्हेनेपला आली होती आणि दोन महिने तिनं आमच्या मागच्या बाल्कनीतून समोरच्या घरांच्या मागच्या बाल्कन्या पाहिल्या होत्या. अंबरीशचं ऑफिस हूफडॉर्पला आहे. तिथल्या कोणीतरी ही तीन दिवसांची बेटांची सफर करून आल्याचं त्याला सांगितलं, आणि मला न विचारता त्यानं बुकिंग केलं. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. अठ्ठावीस वर्षं माझी आई समुद्राच्या जवळ गेली नव्हती. पण त्यानं तिला विचारलं, आणि ती हो म्हणाली.

त्याला एवढंच ठाऊक होतं की माझा धाकटा भाऊ लहानपणी पाण्यात बुडून गेला.

उतरताना कर्मचारी मुलीनं सगळ्यांना वेळापत्रकाचा कागद दिला. ओहोटीची वेळ अकरा पन्नास. चारपर्यंत परत. साडेचारला बोट सुटणार. आम्ही गावातून चालत निघालो. सायकली आधी ऐकू यायच्या आणि मग दिसायच्या. एका घरातून कोणीतरी भांडी घासल्याचा आवाज इतका स्वच्छ आला की आईनं मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

“कुठून येतंय हे?” तिनं विचारलं.

मी विमानांचा आवाज मोजण्याचं काम करते. स्खिपोल विमानतळाच्या मार्गांखाली राहणाऱ्या लोकांच्या छपरांवर आणि परसात आमचे मायक्रोफोन असतात. त्यामुळे अशा प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे असतात, आणि ती देण्याची मला वाईट सवय आहे. मी तिला सांगितलं की थंड पाण्यावर उबदार हवेचा थर बसला की आवाज वर निघून जात नाही, वाकून पुन्हा खाली येतो. लांबचं जवळ वाटतं. आणि डोळ्यांची मदत नसली की दिशा ओळखण्यात कान बरेच चुकतात.

“म्हणजे कानावर विश्वास ठेवायचा नाही,” आई म्हणाली.

“थोडा कमी ठेवायचा.”

गाव संपल्यावर बेटाच्या मुख्य भूमीकडच्या किनाऱ्याला मातीचा लांब बांध आहे. वर गवत, गवतात मेंढ्या, आणि समुद्राच्या अंगाला उतरणाऱ्या सिमेंटच्या पायऱ्या. वर एक बाक होता. आई त्यावर बसली. तिनं सलवार-कुडत्यावर अंबरीशचं निळं जाकीट घातलं होतं आणि चालण्याचे बूट, जे तिला मुळीच आवडत नसत. तिच्या पिशवीत स्टीलचा डबा होता. त्यात दशम्या आणि लसणाची चटणी होती, कारण परदेशातल्या बोटीवरच्या जेवणावर तिचा भरवसा नव्हता.

“समुद्र कुठाय?”

“ओहोटी आहे. इथे पाणी कित्येक किलोमीटर मागे जातं. उघडा पडतो तो नुसता चिखल आणि वाळू.”

तिनं श्वास घेतला. “वास तोच आहे,” ती म्हणाली.

अंबरीश कॉफी शोधायला मागे गावात गेला. आम्ही दोघी बसलो. आमच्या पुढ्यात पायऱ्यांचे पहिले आठ-दहा टप्पे आणि मग पांढरं.

आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या काठावर. तिथे लहान मुलांना जे काही शिकवतात त्यात एक गोष्ट अशी: कोणी एकदाच हाक मारली तर ओ द्यायची नाही. थांबायचं. माणूस दोनदा बोलावतं, तीनदा बोलावतं. ते जे असतं ते एकदाच बोलावतं, आणि ओळखीच्याच आवाजात बोलावतं. तिसरी हाक आली की मग खुशाल ओ द्यावी. आम्ही घरातल्या घरातसुद्धा हे पाळायचो. आई स्वयंपाकघरातून तीनदा हाक मारायची, आणि पहिल्या दोन हाकांना आम्ही ऐकून बसून राहायचो. तिला त्यात काही वावगं वाटत नसे. तिनंच शिकवलं होतं.

डिसेंबर महिना होता. मी बारावीला होते आणि सकाळी साडेसहाला ओटीवर बसून भौतिकशास्त्राचं पुस्तक वाचत होते. खाडीवरचं धुकं अंगणापर्यंत आलेलं. सारंग अकरा वर्षांचा होता. तो आत झोपला आहे असं मला वाटत होतं, पांघरुणाचा ढीग मी थोड्याच वेळापूर्वी पाहिला होता. आणि खाडीच्या बाजूनं त्याचा आवाज आला: “ताई.”

मी पुस्तकातून डोकं वर काढलं. मान वळवली नाही. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. ती आली नाही.

हे मी कोणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. सारंग गळ घेऊन खाडीवर गेला होता हे सगळ्यांना नंतर कळलं. मी ऐकलं होतं हे कोणालाच कळलं नाही. पुढच्या वर्षी आईवडिलांनी ते घर सोडलं आणि आम्ही पुण्याला राहायला गेलो.

बाकावर बसल्या बसल्या मला वाटलं की आता सांगावं. आई शांत होती. तोंडाशी शब्द आले आणि मी उठले. “भरतीच्या वेळा बघून येते,” असं म्हणाले. गावाकडच्या बाजूला, बांधाच्या पायथ्याशी, माहितीचा फलक होता. हातातल्या कागदावर वेळा असताना मी पुन्हा फलकावर त्या बघायला गेले.

मला सहा मिनिटं लागली. हे मी मोबाईलवरच्या वेळेवरून नंतर पाहिलं. परत आले तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. बाकावर पिशवी होती. आई नव्हती.

मी पायऱ्या उतरले. सगळ्यात खालच्या पायरीवर तिचे बूट होते, शेजारी शेजारी, मोजे आत कोंबलेले. आमच्याकडे चपला घालून समुद्रात कोणी पाय टाकत नाही. आधी चपला काढायच्या, वाकून पाण्याला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, मग पाय. ती असं करून गेली होती. म्हणजे गोंधळून गेलेली नव्हती. याची मला जास्त भीती वाटली.

अनवाणी पावलं सरळ आत गेली होती.

मी अंबरीशला फोन लावला. “आई चिखलात उतरली आहे.”

“कशात?”

“समुद्रात. पाणी नाहीये आत्ता, पण यायला लागलंय. दीड तास झाला ओहोटी संपून.”

“निशी, तू जाऊ नकोस. मी कॉफीवाल्याला एकशे बारा लावायला सांगतो, मदतीला. तू तिथेच थांब.”

“तू बाकापाशी ये आणि बाकापासून हलू नकोस,” मी म्हणाले, आणि बूट काढून उतरले.

चिखल घोट्यापर्यंत होता, खाली वाळू घट्ट. मी पावलं मोजत गेले. या भागात भरतीचं पाणी समोरून लाट होऊन येत नाही. आधी चिखलातल्या आडव्यातिडव्या नाळी, म्हणजे पाण्याच्या अरुंद वाटा, भरतात, मग त्या नाळी माणसाच्या मागून जोडल्या जातात. माणूस कोरड्या वाळूवर उभा असतो आणि परतीची वाट गेलेली असते. हे मी फलकावर आत्ताच वाचलं होतं, चित्रासकट.

एकशे चाळीस पावलांवर पहिली नाळ लागली. पाणी पोटरीपर्यंत होतं आणि ते डावीकडून उजवीकडे वाहत होतं. पलीकडे आईच्या पावलांचे खळगे पुन्हा सुरू झाले. आणखी साठ पावलांवर त्यांत पाणी भरलेलं होतं, आणि त्यापुढे ते नव्हतेच.

मी थांबले. बांध दिसत नव्हता. मी स्वतःभोवती फिरले नाही, कारण फिरले असते तर मागची बाजू कुठली ते मला कळलं नसतं.

“आई!”

काही नाही. मला माहीत होतं की पहिल्या हाकेला ती ओ देणार नाही. मी दोन पावलं उजवीकडे सरकले आणि पुन्हा हाक मारली. मग लक्षात आलं की जागा बदलून उपयोग नाही. तिला ती वेगळी हाक वाटेल, वेगळ्या बाजूनं आलेली, पुन्हा पहिलीच. म्हणून मी पाय रोवून उभी राहिले आणि मोजून, सारख्या अंतरानं, तीनदा हाक मारली.

“आई! आई! आई!”

तरीही काही नाही. फोन हातात होता, अंबरीशच्या धापांची आणि धावण्याची खरखर येत होती.

आणि मग डावीकडून, लांबून की जवळून ते मला सांगता येणार नाही, एक आवाज आला. दोन स्वर. आधी उघडा, मग चिंचोळा. शेवटाला थोडा चढा, मुलं चढवतात तसा.

“आ-ई.”

एकदाच.

“कोण रडतंय तिकडे?” अंबरीशनं फोनवर विचारलं. “निशी? तिथे लहान मूल आहे का कोणाचं?”

 तेवढ्यात त्या आवाजाच्या बाजूनं माझी आई बोलली. तिचा तो आवाज मी अठ्ठावीस वर्षांत ऐकला नव्हता. घाईचा, थोडा रागाचा, हात पुसत बाहेर येतानाचा.

“ओ! आले रे, आले!”

जन्मात पहिल्यांदा तिनं एका हाकेला ओ दिली होती. आणि ती माझी नव्हती.

मी पुन्हा ओरडले. आई, आई, इकडे, मी निशी. तिकडून पाण्यात पावलं पडल्याचा आवाज आला, आणि तो माझ्यापासून दूर जात होता. तिच्या पलीकडे मोठी नाळ असणार. फलकावरच्या चित्रात ती निळ्या जाड रेषेनं दाखवली होती. मी हाक मारून ती येणार नव्हती. हाका तिला दोन बाजूंनी येत होत्या आणि तिनं त्यातली एक निवडली होती.

माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं.

“आई, मी ऐकलं होतं!” मी ओरडले. “सारंगनं हाक मारली होती मला! त्या दिवशी, ओटीवर! मी ऐकली, आणि ओ दिली नाही!”

पाण्यातली पावलं थांबली.

मी आणखी ओरडणार होते. पण पुढे काही उरलं नव्हतं. धुक्यात माझाच श्वास मला फार मोठा ऐकू येत होता. 

“कितीदा?” आईनं विचारलं.

तिचा आवाज साध्या बोलण्याचा होता. ती वीस-पंचवीस पावलांवर असावी.

“एकदा.”

 पाणी माझ्या पोटरीला लागलं. मी उभी होते ती वाळू थोड्या वेळापूर्वी कोरडी होती.

“ओरडू नकोस,” आई म्हणाली. “घसा बसेल. मी येते. तू बोलत राहा.”

काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी आकडे म्हणत राहिले. एक, दोन, तीन, चार. बत्तीसला निळं जाकीट दिसलं. ती गुडघ्यांपर्यंत ओली होती, सलवार पोटऱ्यांना चिकटलेली, पण पाऊल नीट टाकत येत होती, टाच आधी आणि मग चवडा, चिखलात चालणाऱ्या बायका टाकतात तसं. तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात फार गार होता.

“मला पण एकदाच,” ती म्हणाली.

मला कळलं नाही. की कळलं आणि मी ते बाजूला ठेवलं, कारण पाणी चढत होतं.

“अंबरीश,” मी फोनवर म्हणाले, “सापडली. माझ्याजवळ आहे. तू बाकापाशी आहेस?”

“आहे. एकशे बारावाल्यांना सांगितलंय, बोट निघालीय. मी हाका मारू का?”

“हाका नको. हाकेची दिशा कळत नाही. आईच्या पिशवीत स्टीलचा डबा आहे. त्यावर दगड घे, चमचा घे, काहीही घे आणि वाजव. जोरात. थांबू नकोस.”

माणसाच्या आवाजापेक्षा असा तोडलेला, खणखणीत आवाज कानाला नेमका सापडतो. हे मी लोकांना कामाचा भाग म्हणून सांगत आले आहे. काही सेकंदांनी तो आला. ठण, ठण, ठण. मला वाटत होतं त्यापेक्षा तो बराच उजवीकडे होता. मी डोकं डावीकडे-उजवीकडे फिरवत दोन्ही कानांत तो सारखा होईपर्यंत वळले आणि मग नाक जिथे होतं तिकडे चालायला लागले.

“दशम्या काढल्यान का आधी?” आईनं विचारलं.

“माहीत नाही.”

“चुरा होईल सगळा.”

पहिली नाळ आता मांड्यांपर्यंत भरली होती आणि ओढ होती. मी आईला प्रवाहाच्या वरच्या अंगाला घेतलं. तिनं मलाच वर ढकललं, ती स्वतः खालच्या अंगाला आली, आणि म्हणाली, “मला शिकवू नको, खाडीतून मी तुला पोटात घेऊन गेलेय.” आम्ही तिरक्या गेलो. मधे एकदा माझा पाय सुटला आणि तिचा हात सुटला नाही.

नाळ ओलांडल्यावर मागून तो आवाज पुन्हा आला. तसाच. एकदा.

आई थांबली. माझ्या मनगटावरची तिची बोटं घट्ट झाली. डबा वाजत होता. ठण, ठण. ती मागे वळून पाहणार असं वाटलं, आणि तिनं पाहिलं असतं तर तिला ओढून नेण्याइतकी ताकद माझ्यात आहे का, याचा मी अंदाज घेतला. नव्हती.

“चल,” ती म्हणाली.

आम्ही पाण्याच्या ओढीनं सरकून पायऱ्यांपासून थोड्या लांब, बांधाच्या दगडी उतारावर बाहेर पडलो. अंबरीश डबा हातात घेऊन गवतातून पळत आला. दशम्या त्यानं काढल्या नव्हत्या. नारिंगी कपड्यांतली दोन स्वयंसेवक माणसं गाडीतून आली, त्यांनी बोट परत बोलावली, आम्हाला चकचकीत चादरींत गुंडाळलं आणि आईचं बोट एका यंत्रात घालून आकडे वाचले. त्यांतली एक साठीची बाई होती. तिनं मला डचमध्ये विचारलं, “रडण्याच्या आवाजामागे गेली का ती?”

मी हो म्हणाले.

“सीलची पिल्लं. जूनमध्ये जन्मतात. आईपासून चुकली की वाळूच्या दांड्यावरून ओरडतात. अगदी आपल्या मुलांसारखी. हवा अशी असली की शेजारी बसून रडतायत असं वाटतं.” तिनं आईच्या खांद्यावर थोपटलं. “सांगा त्यांना, घाबरू नका.”

मी आईला सांगितलं.

“सील म्हणजे ते मिशावालं?” आईनं विचारलं.

“हो. पिल्लू आईपासून चुकलं की ओरडतं.”

“मग त्याची आई येते का?”

मी त्या बाईला विचारलं. “बहुतेक वेळा,” ती म्हणाली.

“बहुतेक,” आई म्हणाली, आणि चादर नीट केली.

मी ते स्पष्टीकरण मान्य केलं. अजूनही करते. सीलच्या पिल्लाच्या आवाजाचे आलेख मी नंतर पाहिले आहेत. दोन स्वर असतात, शेवटाला चढ असतो.

चारला आम्ही बोटीवर होतो. बोट सुटली, आणि पाऊण-एक तासात धुकं विरत गेलं. बेट दिसलं, हिरवं, लांबट, आणि त्याच्या मध्यावर तो दीपस्तंभ, ज्याच्याकडे आता कोणी पाहत नव्हतं. सहा वाजले तरी ऊन होतं. आई केबिनमध्ये खाटेवर पाय वर घेऊन बसली होती, माझे लोकरीचे मोजे घालून. अंबरीशनं चहा आणून दिला. दार लावून घेताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, “मी वर आहे.” फोनवर त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि त्यानं काही विचारलं नाही, याबद्दल मी त्याचे आभार अजून मानलेले नाहीत.

“तुला कुठून आली?” आईनं विचारलं.

“काय?”

“हाक. त्याची.”

माझ्याजवळ वेळापत्रकाचा ओला होऊन वाळलेला कागद होता. मी तो उलटा केला आणि घर काढलं. ओटी, अंगण, मागची पडवी, विहीर, माडांची रांग, खाडी. ओटीवर खूण केली. मी पूर्वेला तोंड करून बसले होते आणि आवाज उजव्या कानाला आधी लागला होता. मी त्या बाजूनं एक रेघ ओढली. ती माडांतून खाडीकडे गेली.

आईनं पेन घेतलं. “मी विहिरीवर होते. रहाट सोडलेला. ‘आई’ म्हणाला. इथून.” रेघ काढताना ती क्षणभरही थांबली नाही. दोन रेघा एकमेकींना छेदून गेल्या ती जागा म्हणजे धक्का. जुना, दगडी, खालचे दोन चिरे निखळलेला.

“मला वाटलं तो आत निजलाय,” ती म्हणाली. “म्हटलं, हे ते आहे. म्हणून दोरी धरून उभी राहिले, पुन्हा येते का बघत.”

“किती वाजता?”

“सहा चाळीसची पहिली एस्टी गेली होती. वरच्या वळणावर हॉर्न दिलान, त्यानंतर.”

“मी एस्टीच्या आधी ऐकली. साडेसहाला. समोर घड्याळ होतं.”

आम्ही दोघींनी कागदाकडे पाहिलं. मला वाटत होतं की एकच हाक आम्ही दोघींनी ऐकली असणार. तसं नव्हतं. त्यानं एकदा मला बोलावलं होतं आणि मग, दहा मिनिटांनी, तिला. प्रत्येकीला एकदा. आमच्यापैकी एकीनं उठून दुसरीला सांगितलं असतं, तर त्या दोन झाल्या असत्या.

“ओरडून सांगितलंस म्हणून मी वळले,” आई म्हणाली. “मला इतकी वर्षं वाटायचं, मला एकटीलाच.”

मी तिच्या पायांवर पांघरूण ओढलं. चहा तसाच होता.

“बाबांना कोणी सांगितलं?” मी विचारलं.

हा प्रश्न मला त्या क्षणापर्यंत कधी पडला नव्हता. सारंग गळ घेऊन गेला हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. पण त्या सकाळी वडील, शोधाशोध सुरू होण्याच्या आधी, मागच्या पडवीतून निघून थेट धक्क्यावर गेले होते. तेच त्याला घेऊन आले. हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोर कायम असतं, आणि मी त्यात नेहमी सारंगकडे पाहत आले आहे. वडिलांकडे कधी पाहिलं नव्हतं.

“कोणी नाही सांगितलं,” आई म्हणाली. “दाढी करत होते पडवीत. तशीच टाकून गेले.” तिनं कागदावरच्या पडवीवर बोट ठेवलं. तिथून धक्का सरळ रेषेत होता, दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर. “आणलान त्याला तेव्हा एका बाजूची दाढी झालेली होती आणि दुसऱ्या गालावर साबण होता. मीच पुसला नंतर. ओल्या फडक्यानं. निघेना.”

“निघेना म्हणजे?”

“वाळला होता. खडखडीत. सालपटं निघत होती.”

वरच्या डेकवर कोणीतरी खुर्ची ओढली.

“त्यांना मी कधी विचारलं नाही,” आई म्हणाली. “त्यांनीही काही काढलं नाही. गेले तोपर्यंत.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं, शाळेत मी पहिली यायचे तेव्हा नात्यातल्या बायका पाहायच्या तसं, माझ्याकडे उत्तर असणारच अशा खात्रीनं. “तू हे सगळं शिकली आहेस. गालावरचा साबण वाळायला किती वेळ लागतो गो?”

मला ते ठाऊक होतं, किंवा काढता येत होतं. फेसाचा थर, डिसेंबरातली हवा, अंगाची ऊब. धुकं म्हणजे हवेत ओल पुरेपूर.

“एरवी दहा-पंधरा मिनिटं,” मी म्हणाले. “धुकं होतं. अर्धा तास तरी.”

आईनं मान हलवली. तिनं पेन ठेवलं, कप उचलला, आणि तो ओठांना न लावता हातात धरून राहिली.

“अर्धा तास,” ती म्हणाली. “वस्तरा हातात धरून, पुन्हा येते का बघत.”